अशनि संकेत

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरील बंगाली कादंबरी व तीवर आधारित सत्यजित राय यांचा चित्रपट (१९७३). शीर्षकाचा अर्थ ‘विजेच्या कडकडाटाची चाहूल’. पथेर पांचालीकार बिभूतिभूषण बंदोपाध्याय (१८९४–१९५०) यांनी दुष्काळाची झळ ताजी असतानाच ती मासिकातून क्रमशः लिहिली. पुस्तकरूप तिला लेखकाच्या मृत्यूनंतर मिळाले.

पार्श्वभूमी : १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातील तांदळाचे साठे व होड्या काढून घेतल्या. लष्करी खरेदी आणि साठेबाजीने भाव भडकले. बळींची संख्या वादग्रस्त आहे : चौकशी आयोगाने ती सुमारे १५ लाख मानली, अमर्त्य सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास, तर चित्रपटाच्या अखेरच्या पाटीवर ५० लाखांचा उल्लेख येतो.

कथानक : गंगाचरण हा गावातला एकमेव ब्राह्मण, पंतोजी, पुरोहित आणि वैद्य तोच. युद्ध गावात येते ते अफवा आणि भावाच्या रूपाने. सिंगापूर पडल्याची बातमी येते, तेव्हा ते मेदिनीपूर जिल्ह्यात कुठेतरी असावे, अशी समजूत करून घेतली जाते. पुढे दक्षिणा म्हणून मिळणारा तांदूळ आटतो, ब्राह्मणाची बायको अनंगा मजुरीवर भात कांडते, रानात कंद शोधते. मोती या अस्पृश्य स्त्रीचा भुकेने मृत्यू हा कथेचा कळसबिंदू. तिच्या प्रेताला हात लावायला गंगाचरण तयार होतो, इथे जातीचे बंधन सुटते.

चित्रपट : रायांचा हा दुसरा रंगीत कथापट, पहिला कांचनजंघा (१९६२). गंगाचरण सौमित्र चॅटर्जी, अनंगा बांगलादेशची अभिनेत्री बबिता, गावातली छुटकी संध्या रॉय. छायालेखन सौमेंदु रॉय, संकलन दुलाल दत्त, संगीत रायांचे स्वतःचे. दुष्काळासारख्या विषयाला इतके रंग कशाला, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. तो पटत नाही. हिरवीगार झाडी, फुलपाखरे, भरलेली नदी हे सगळे जागच्या जागी असताना माणसे मरतात, हेच तर चित्रपटाचे म्हणणे आहे. निसर्ग कोपला नव्हता. नदीत उभ्या अनंगाला आकाशातून जाणारी विमाने बगळ्यांच्या माळेसारखी सुंदर वाटतात, हे सुरुवातीचे दृश्य याच दृष्टीने पाहावे. मूळ कादंबरीपासून ठळक फारकत शेवटाची : मोतीनंतर एक वृद्ध ब्राह्मण आपल्या कुटुंबासह दारात येताना दिसतो, आणि आधीच गरोदर असलेल्या अनंगाच्या घरात खाणारी तोंडे आणखी वाढणार हे कळते.

सन्मान : बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल (१९७३), सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपट व संगीत यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार.

याच दुष्काळावर बिजन भट्टाचार्य यांचे नवान्न हे नाटक (१९४४), ख्वाजा अहमद अब्बास यांचा धरती के लाल (१९४६) आणि मृणाल सेन यांचा अकालेर संधाने (१९८०) या कलाकृती आहेत.