दुकान बंद पडलं, म्हणजे प्रयोग फसला का?

संशोधनाचा प्रश्न ठरवताना आपण एक गोष्ट नकळत गृहीत धरतो: 'यश' कशाला म्हणायचं. तिथेच निम्मं उत्तर ठरून जातं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सहकारी किराणा दुकानांचंच उदाहरण घ्या.

साल १९३२, महामंदीचा काळ. इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादनगरीत हाताला काम नव्हतं. रूझवेल्ट हायस्कूलमधले शिक्षक जेकब रेडिक्स यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांची बैठक बोलावली. आधी थोडे थोडे पैसे जमवून एकत्र घाऊक खरेदी सुरू झाली, मग किराणा दुकान उभं राहिलं. सोबत रात्रशाळेत सहकाराचं अर्थशास्त्र शिकवणारा वर्गही चालायचा. काही वर्षांतच विक्री वर्षाला १ लाख ६० हजार डॉलरच्या घरात पोचली.

त्याआधी, १९३० मध्ये, जॉर्ज स्कायलर यांनी तरुण कृष्णवर्णीयांची सहकारी लीग काढली होती. एला बेकर तिच्या राष्ट्रीय संचालक झाल्या. पैशाअभावी लीग थोड्याच वर्षांत विझली. गॅरीचं दुकानही आज नाही.

आता तक्ता करून बघा. 'किती वर्षं टिकलं' एवढा एकच रकाना ठेवलात, तर दोन्ही प्रयोग 'अयशस्वी'. पण 'सभासद काय शिकले' हा रकाना जोडला, तर? १९६० मध्ये विद्यार्थ्यांची नागरी हक्क संघटना उभी राहताना, निर्णय तुमचे तुम्हीच घ्या, असा आग्रह धरणाऱ्या बेकरच होत्या. अर्थात, हे लीगमुळेच घडलं असं म्हणता येत नाही. मधल्या तीस वर्षांत त्यांनी इतरही बरंच काम केलं. दुवा दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे विज्ञानवाल्यांनी तरी विसरू नये.

जेसिका गॉर्डन नेम्भार्ड यांनी 'कलेक्टिव्ह करेज' (२०१४) या पुस्तकात असे कितीतरी विखुरलेले प्रयोग एकत्र मांडले. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: आधी अभ्यासगट, मग व्यवहार. डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांचं अन्न-सुरक्षा नेटवर्क २००६ मध्ये सुरू झालं. त्यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान उघडलं ते २०२४ मध्ये. दुकानाच्या तारखेपासून मोजायला लागलात, तर आधीची अठरा वर्षं तुमच्या अभ्यासात येणारच नाहीत.

म्हणून माहिती गोळा करण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: मी यश कशाला म्हणतोय, आणि त्या व्याख्येमुळे काय सुटतंय?