काळ्या पाण्यावरील निळे दिवस : वऱ्हाडातील जोडप्यांसाठी हॅवलॉक आणि नील

वऱ्हाडातील माणसाच्या वाट्याला समुद्र तसा उशिराच येतो. अकोल्याहून मुंबईचा किनारा रेल्वेने सुमारे सहाशे किलोमीटरवर, अमरावतीहून त्याहीपेक्षा लांब. त्यामुळे लग्नानंतरचे चार दिवस असोत की मुलांची शिक्षणे आटोपल्यावर पती-पत्नीने मिळून काढलेला पहिला प्रवास असो, पिढ्यान् पिढ्या पावले वळली ती चिखलदऱ्याकडे. अलीकडच्या काळात मात्र या यादीत एक दूरचे नाव ठळकपणे आले आहे. ते म्हणजे अंदमान; आणि अंदमानातही हॅवलॉक व नील ही दोन लहान बेटे. एकेकाळी ज्या पाण्याचे नाव घेताच मराठी घरांत शांतता पसरे, त्याच पाण्याकाठी आज जोडपी विसाव्यासाठी जातात. हा प्रवास खर्चाचा व लांबचा आहे. ऋतू चुकला किंवा बोटीचा हिशेब चुकला, तर विसावा राहतो बाजूला आणि पदरी मनस्ताप येतो. म्हणूनच निघण्यापूर्वी काही गोष्टी नीट जाणून घेणे हिताचे ठरते.

नावांचा इतिहास

हॅवलॉक हे नाव हेन्री हॅवलॉक या ब्रिटिश सेनानीचे, तर नील हे जेम्स नील या अधिकाऱ्याचे. दोघेही १८५७ चा उठाव मोडून काढणारे. जुलै १८५७ मध्ये कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला तो याच हॅवलॉकने. दोघांचाही शेवट त्याच वर्षी लखनौच्या मोहिमेत झाला. त्यांची नावे मात्र बंगालच्या उपसागरातील या बेटांवर दीडशेहून अधिक वर्षे टिकली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला होता. त्या घटनेला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉकचे ‘स्वराज द्वीप’ आणि नीलचे ‘शहीद द्वीप’ असे नामांतर झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचेही नाव ‘श्री विजयपुरम’ असे करण्यात आले. बोलण्यात जुनी नावेच रुळलेली आहेत. तिकीट काढताना मात्र नवी नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये.

या बेटांवरील आजची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या निर्वासित कुटुंबांची. त्यांनी जंगल साफ करून भातशेती, नारळ-सुपारी आणि भाजीपाला उभा केला. गावांची नावेही त्यांच्या श्रद्धेची साक्ष देतात. हॅवलॉकवर गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर; नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. २०११ च्या जनगणनेत हॅवलॉकची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, तर नीलची तीन हजारांच्या आसपास होती. वऱ्हाडातील एखाद्या मोठ्या खेड्याएवढीच ही वस्ती. म्हणूनच येथे गजबज कमी आणि निवांतपणा अधिक आहे.

कसे जावे?

अकोला आणि बडनेरा ही दोन्ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर असल्याने वऱ्हाडातील प्रवाशाला दोन वाटा खुल्या आहेत. पहिली, रेल्वेने नागपूर गाठून तेथून विमानाने कोलकाता, चेन्नई किंवा बंगळुरूमार्गे श्री विजयपुरमच्या वीर सावरकर विमानतळावर उतरणे. दुसरी, काहीशी स्वस्त पण वेळखाऊ वाट म्हणजे गीतांजली एक्स्प्रेस वा हावडा मेलसारख्या गाडीने थेट कोलकाता गाठणे आणि पुढे सव्वादोन तासांच्या आसपासचा विमानप्रवास करणे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. मात्र अंदमानसाठी पश्चिमेकडे जाऊन पुन्हा पूर्वेकडे यावे लागत असल्याने नागपूरचा मार्गच सोयीचा पडतो. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही जातात. परंतु त्यास तीन ते चार दिवस लागतात. मोजक्या रजेवर निघालेल्यांनी तो विचार सोडावा.

श्री विजयपुरमहून हॅवलॉक व नील या बेटांवर जाण्यास बोटीवाचून सर्वसामान्य साधन नाही. शासकीय फेरीबोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात व हॅवलॉकला पोहोचण्यास साधारण अडीच तास घेतात. खासगी वातानुकूलित बोटी दीड ते दोन तासांत पोहोचवितात. हॅवलॉक ते नील हे अंतर तासाभराचे आहे. भारतीय नागरिकांना या दोन बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र मात्र प्रत्येक टप्प्यावर जवळ असावे. ज्यांना एस.टी.च्या घाटातही मळमळते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि बोटीत मागच्या बाजूस, खालच्या मजल्यावर बसावे. तेथे हेलकावे कमी जाणवतात.

केव्हा जावे?

वऱ्हाडातील बहुसंख्य कुटुंबांची चूक होते ती येथेच. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला की फिरायला निघण्याची प्रथा. शाळा-महाविद्यालयांच्या सुट्याही तेव्हाच. परंतु नैऋत्य मान्सून देशात सर्वप्रथम दाखल होतो तो अंदमानातच, आणि तोही साधारणतः मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. २०२५ मध्ये तर तो १३ मे रोजीच दक्षिण अंदमान समुद्रात पोहोचला होता. अकोल्यात ज्या बातमीने शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो, तीच बातमी हॅवलॉकच्या धक्क्यावर बोटी रद्द होण्याची नांदी असते. म्हणून मेचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर हा काळ टाळावा.

दिवाळीची सुटीही निर्धोक नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे निर्माण होतात. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वर्दा’ वादळाच्या वेळी हॅवलॉक आणि नील येथे हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. अखेर नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढले. नाताळ व नववर्षाच्या आठवड्यात हवा चांगली असली, तरी गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. समुद्र शांत, पाणी नितळ आणि पाऊस नगण्य. शेती असणाऱ्या कुटुंबांसाठीही हा काळ सोयीचा, कारण तोवर कापसाची वेचणी उरकत आलेली असते.

घड्याळाचा फरक

घड्याळ तेच, पण सूर्य वेगळा, असा अनुभव येथे येतो. अकोला पूर्व रेखांश ७७ अंशांवर, तर हॅवलॉक ९३ अंशांवर आहे. सोळा अंशांच्या या फरकामुळे सूर्य येथे वऱ्हाडापेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो व मावळतो. डिसेंबरअखेर अकोल्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळत असेल, तर हॅवलॉकवर पाचच्या सुमारासच तो मावळलेला असतो. दुपारी जेवून वामकुक्षी घेऊन साडेपाचला किनाऱ्यावर जाणाऱ्या जोडप्याच्या हाती अंधारच लागतो. त्याऐवजी पहाटे पाचला उठावे आणि दुपारी साडेतीनला पुन्हा बाहेर पडावे, हा येथील साधा नियम आहे.

हॅवलॉकवर काय पाहावे?

राधानगरची पुळण हे हॅवलॉकचे मुख्य वैभव. ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये तिला आशियातील सर्वोत्कृष्ट किनारा म्हटले, तर २०२० मध्ये तिला ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. पिठासारखी पांढरी वाळू, मागे उंचच उंच वृक्षांचे दाट जंगल आणि पुढे मंद उताराचा समुद्र अशी तिची रचना आहे. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्यास्त पाहावा तो येथेच. धक्क्यापासून हे अंतर दहा-बारा किलोमीटर असून बस, रिक्षा किंवा भाड्याची दुचाकी मिळते. दुचाकीसाठी वाहन परवाना सोबत न्यावा.

सूर्योदयासाठी पूर्वेकडील काळापत्थर किनारा योग्य. विजयनगर किनाऱ्यावर राहण्याची ठिकाणे अधिक आहेत. मात्र येथे ओहोटीच्या वेळी पाणी बरेच मागे हटते व प्रवाळाचे खडक उघडे पडतात. समुद्राची सवय नसलेल्यांना ‘काल होता तो समुद्र आज गेला कुठे’ असा प्रश्न पडतो. भरती-ओहोटीच्या वेळा दररोज पाऊणएक तासाने पुढे सरकतात. त्या मुक्कामाच्या ठिकाणी विचारून मगच पोहण्याचा बेत आखावा.

एलिफंट बीच हा प्रवाळदर्शनासाठी प्रसिद्ध. तेथे धक्क्यावरून बोटीने किंवा जंगलवाटेने पायी जाता येते. लाकूडतोडीच्या काळात या बेटांवर हत्ती कामाला होते, त्याची आठवण या नावात आहे. मेळघाटात कोलकास येथे वनखात्याचे हत्ती पाहिलेल्या वऱ्हाडकरांना याचे नवल वाटणार नाही. पण हॅवलॉकचा ‘राजन’ नावाचा हत्ती समुद्रात पोहण्यासाठी जगभर ओळखला गेला. २०१६ मध्ये त्याचे निधन झाले. प्रवाळांनीही सोसले आहे. २०१० मध्ये समुद्राचे तापमान वाढून अंदमानातील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतील रंग सर्वत्र दिसतीलच, अशी अपेक्षा ठेवू नये.

नील : खरा विसावा

हॅवलॉकवर एक दिवस कमी करावा. पण नीलवर किमान एक रात्र काढावीच. बहुतेक सहलींत नील हे दोन बोटींमधले काही तासांचे ठिकाण असते आणि नेमकी तीच मोठी चूक ठरते. हे बेट एवढे लहान आहे की सायकलवरून ते सहज पालथे घालता येते. दुतर्फा भाजीपाल्याचे मळे, सुपारीच्या बागा आणि रस्त्याच्या शेवटी समुद्र. धक्क्याजवळच्या भरतपूर किनाऱ्यावर पाणी उथळ आहे. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. लक्ष्मणपूरच्याच दुसऱ्या बाजूस लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. तेथे ओहोटीच्या वेळीच जाता येते, तेही पकड असलेल्या पादत्राणांसह. अंधार पडल्यावर येथे करण्यासारखे काही उरत नाही. एकत्र कुटुंबात, पाहुण्यांच्या राबत्यात आणि नोकरीच्या धावपळीत ज्यांना चार वाक्ये निवांत बोलता येत नाहीत, त्यांच्यासाठी हीच या बेटाची सर्वांत मोठी देणगी होय.

सुरक्षिततेचे भान

तलावात वा नदीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येईल, असे समजू नये. जीवरक्षक असलेल्या आणि निर्देशित केलेल्या भागातच पाण्यात उतरावे. अंदमानच्या खाड्या व तिवरांच्या जंगलांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरलगत एका विदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत, हे लक्षात ठेवावे. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतलेली पर्यटक बोट बुडून वीसहून अधिक जणांचा बळी गेला. जीवरक्षक जाकीट न देणाऱ्या किंवा खच्चून भरलेल्या बोटीत बसण्यास नकार देणे, हा प्रवाशाचा अधिकार आहे.

स्कूबा डायव्हिंग करायचे असल्यास दमा, हृदयविकार, गर्भावस्था यांची माहिती प्रशिक्षकापासून लपवू नये. पाण्याखाली उतरल्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. शंख-शिंपले व प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून पिशवीत भरण्याचा मोह आवरावा. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून विमानतळावरील तपासणीत ते जप्त होतात.

बेत कसा आखावा?

वऱ्हाडातून निघून परत येण्यास आठ दिवस हाताशी असावेत. जाण्या-येण्याचे तीन दिवस, श्री विजयपुरम येथे पहिली रात्र, हॅवलॉकवर दोन, नीलवर एक किंवा दोन, आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पुन्हा श्री विजयपुरम येथे. या शेवटच्या रात्रीत काटकसर करू नये. हवामान बिघडून बोट रद्द झाली, तर हाच एक दिवस विमानाचे तिकीट वाचवितो. बेटांवर एटीएम मोजकी असल्याने पुरेशी रोख रक्कम सोबत ठेवावी. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल कार्यान्वित झाल्यापासून संपर्क सुधारला आहे. तरीही घरच्यांना ‘फोन लागला नाही तर घाबरू नका’ असे सांगून निघणे चांगले. जेवणात मासळी व बंगाली चव प्रमुख; शाकाहारी थाळीही मिळते. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मात्र सोबत असलेली बरी.

अन्य पर्याय

अंदमानचा खर्च वा अंतर झेपत नसेल, तर मालवणचा विचार करता येतो. शिवरायांनी १६६४ मध्ये बांधकामास आरंभ केलेला सिंधुदुर्ग किल्ला बेटावरच आहे. मुक्काम मात्र मालवण, तारकर्ली वा देवबाग येथे करावा लागतो. कर्नाटकातील मालपेजवळचे सेंट मेरी बेट देखणे आहे, पण तेथे रात्री राहता येत नाही. गोव्यातील दिवार हे मांडवीतील नदीबेट. तेथे शांतता आहे, पुळण नाही. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना घ्यावा लागतो व कोचीमार्गे अगत्ती गाठावे लागते.

जाता-जाता

श्री विजयपुरम येथील पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल पाहावे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या कारागृहाच्या सात पाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात येथे बंदिवान होते. ज्यांना एकांताची शिक्षा म्हणून या बेटांवर आणले गेले, त्यांच्या कोठड्या पाहून दुसऱ्या दिवशी स्वेच्छेने एकांत शोधायला हॅवलॉकच्या बोटीत बसताना जोडपी काही काळ गप्प होतात. तो समुद्र तोच आहे, हे विसरले जाऊ नये. त्यानंतरचा विसावा अधिक मोलाचा वाटतो.