सरासरी म्हणजे काय? धडगावच्या उदाहरणातून मोबाईलवर शिका सांख्यिकी

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन प्रकरणं आहेत. बरेच जण फक्त सूत्रं पाठ करतात. पण आकडे नीट वाचता आले नाहीत तर ते आपल्याला सहज फसवू शकतात. कसं, ते आज पाहूया.

मध्य, मध्यक आणि बहुलक

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. सातपुड्याच्या या डोंगराळ भागात वस्ती लांब लांब पाड्यांवर पसरलेली आहे. समजा, पाच मुलांच्या घरापासून शाळेचं अंतर १, २, २, ३ आणि १२ किमी आहे.

- मध्य (सरासरी): बेरीज २०, भागिले ५ = ४ किमी
- मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधली संख्या): २ किमी
- बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या): २ किमी

आता गंमत बघा. सरासरी ४ किमी आली, पण ४ किमीवर एकही मुलगा राहत नाही! एका १२ मुळे ती वर गेली. मध्यक २ सांगतो, पण त्यात १२ किमीवरचा मुलगा दिसतच नाही. शाळेसाठी गाडीची सोय करायची असेल तर तोच मुलगा सर्वांत महत्त्वाचा. म्हणून सरासरीसोबत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्याही नेहमी बघा.

मोबाईलवर कसं काढायचं?

१. गुगल शीट्स ॲप उघडून नवीन शीट घ्या.
२. ए१ मध्ये 'अंतर' लिहा आणि ए२ ते ए६ मध्ये पाच आकडे भरा.
३. रिकाम्या चौकटीत बरोबरचं चिन्ह देऊन इंग्रजीत 'एव्हरेज' टाइप करा आणि कंसात ए२:ए६ द्या. मध्यकासाठी 'मीडियन', बहुलकासाठी 'मोड'.
४. आलेखासाठी आकडे सिलेक्ट करून अधिक चिन्हावर टॅप करा आणि 'चार्ट' निवडा.

फाईल ऑफलाइन ठेवली तर रेंज नसतानाही काम करता येतं.

आलेख कसा फसवतो?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के. स्तंभालेखाचा उभा अक्ष ० पासून सुरू केला तर पहिला स्तंभ दुसऱ्याच्या सव्वापटीपेक्षा थोडा उंच दिसतो. तोच अक्ष ६० पासून सुरू केला तर स्तंभ उरतात २२ आणि ४ चे, म्हणजे साडेपाचपट फरक! आकडे तेच, चित्र वेगळं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेला आलेख फॉरवर्ड करण्याआधी अक्ष कुठून सुरू होतो ते पाहा.

संभाव्यता कुठे चुकते?

साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांवरून काढतात. त्या वेळी जिल्ह्यातल्या अशा सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून एक उचलली असती, तर ती साक्षर व्यक्तीची असण्याची संभाव्यता सुमारे ०.६४ होती. पण कॉलेजच्या गेटवर उभं राहून वीस जणांना विचारलं तर उत्तर वेगळंच येईल, कारण तिथे प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी नाही.

आता तुमच्या वर्गातल्या मुलांची अंतरं शीटमध्ये भरा. सरासरी काढा आणि सर्वांत लांबून कोण येतं, तेही शोधा.