आकाशांतील सार्वजनिक घाट

आषाढी वारींत तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून निघते, पादुकांना नीरास्नान घडतें आणि मग ती अकलुजांत प्रवेश करते. रिंगणाच्या वेळीं तेथें माणसांचा पूर लोटतो. घरचें पोर आजीचा हात सोडून अश्व पाहावयास धांवलें, तर शोधावें कसें? गर्दींत मोबाइलहि अडखळूं शकतो. अशा वेळीं हातांत मावणारीं दोन वॉकीटॉकी यंत्रें कामास येतात. सहलींत, गड चढतांना तींच सोबत करतात. परंतु परवान्याशिवाय त्यांवर बोलतां येतें काय? या साध्या प्रश्नामागें मोठा इतिहास आहे.

इंग्रजी अमदानींत १८८५ च्या कायद्यानें तारायंत्राचा मक्ता सरकारकडे गेला. १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतें बाळगणें हाहि गुन्हा ठरला. बोलणें दूरच, गाणीं ऐकण्याच्या रेडिओसहि परवाना लागे, आणि त्याचें शुल्क पोस्टांत भरल्याची आठवण जुन्या घरांत अद्याप निघते. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें आणि हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले. तरीहि १९४२ च्या ऑगस्टमध्यें उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत जागा बदलीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. नोव्हेंबरांत तो पकडला गेला, आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. एका आवाजाचें राज्यकर्त्यांना केवढें भय!

राज्य बदललें, पण कायदा ढिला झाला नाहीं. उलट १९४९ च्या दुरुस्तीनें विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. हौशी मंडळींना परीक्षा देऊन परवाना मिळे. सामान्य गृहस्थास मात्र वाट नव्हती. अमेरिकेनें १९५८ सालीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा नागरिकांच्या संभाषणास दिला. भारतांत तशी मोकळीक येण्यास २००५ साल उजाडलें. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत पांच वॅटपर्यंतच्या यंत्रांस परवान्यांतून सूट मिळाली. २०१८ सालीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्याचीहि अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं भर पडली. युरोपांत हाच पट्टा अशा वापरास आधींपासून मोकळा होता.

तथापि सूट यंत्राच्या नांवाला नसून त्याच्या लहरीला व शक्तीला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बाजारांतील एखादें स्वस्त यंत्र या पट्ट्याबाहेरहि बोलतें. तें पोलिसांच्या किंवा रुग्णसेवेच्या संभाषणांत शिरलें, तर सहलीस निघालेला निरपराध माणूस कायद्याच्या कचाट्यांत सांपडावयाचा. म्हणूनच मे २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ऑनलाइन विक्रेत्यांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. घेणाऱ्यानेंहि यंत्रावरील मेगाहर्ट्झचा आंकडा वाचावा आणि तें सरकारमान्य नमुन्याचें असल्याचा दाखला मागावा.

या मोकळ्या पट्ट्याची अट मोठी मार्मिक आहे. तेथें दुसऱ्यास अडथळा करावयाचा नाहीं, आणि आपणांस अडथळा झाला तर संरक्षणहि मागावयाचें नाहीं. नदीच्या घाटावर मालकी कोणाची नसते. म्हणूनच प्रत्येकानें आपलें स्नान उरकून दुसऱ्यास जागा द्यावयाची असते. ज्या आवाजासाठीं एके काळीं तुरुंग होता, तो आज आजीनें नातवास हांक मारण्यापुरता मोकळा झाला आहे. ही मोकळीक लहान असली तरी मोलाची आहे, आणि ती टिकविणें तिचा उपभोग घेणाऱ्यांच्याच हातीं आहे.