सनरूफ आणि माळवद

जुन्या गाडीचं सनरूफ गळायला लागलं की आपण आधी सिलिकॉनची ट्यूब शोधतो. पण तिथलं रबर सगळं पाणी अडवायला नसतंच मुळी! आत आलेलं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. धूळ-पाल्याने तुंबतात त्या नळ्याच. आधी त्या साफ करा, मग रबर बघा.

हट्ट्यापासून लातूरपर्यंत, आपल्या मराठवाड्यात पूर्वी माळवदं असायची. लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. गळलं की आणखी माती. पिढ्यान्‌पिढ्या छत जड होत गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि हे सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास ८,००० माणसं गेली.

गळती बुजवण्याआधी पाण्याला वाट आहे का, ते बघावं. बुजवण्याचंही ओझं साठतं.