सोनाराची पोढी



सुमारे १८०० वर्षांपूर्वी कल्याणात सामिदत नावाचा एक सोनार राहायचा. संस्कृतात म्हणायचं तर स्वामिदत्त. त्याचं दुकान कुठल्या आळीत होतं, लेकरं किती होती, धंदा कसा चालायचा, काही म्हणजे काही कळत नाही. त्याच्याबद्दल आपल्याला एकच गोष्ट ठाऊक आहे. कान्हेरीच्या डोंगरात त्याने पाण्याची एक टाकी खोदवून दिली. ब्राह्मी अक्षरांत आणि प्राकृत भाषेत कातळावर तशी नोंद कोरलेली आहे: कल्याणच्या या सोनाराने दिलेली ही पोढी.

पोढी म्हणजे कातळात खोदलेली टाकी. तुमच्या घरात कुणी गडकिल्ल्यांवर भटकणारं असेल तर त्याला विचारा, हा शब्द अजून जिवंत आहे. आणि दानासाठी या लेखांत शब्द येतो 'देयधम', म्हणजे धर्म म्हणून दिलेलं देणं. स्थानकात बसून प्राकृत पाठ ऐकलेल्या कानांना ही भाषा परकी वाटत नाही. मला तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा गावाकडची कुणी बोलतेय असंच वाटलं.

आता ते कल्याण डोळ्यांपुढे आणायचं तर स्टेशन, स्कायवॉक आणि रिक्षांची रांग पुसून टाकावी लागेल. उल्हासच्या खाडीवरचं ते बंदर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, त्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणचं नाव आहे. तिथे म्हटलंय की पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती, पण सत्ता बदलल्यावर इथे चुकून आलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे राजकारणाची झळ तेव्हाही बाजाराला बसत होतीच. तरी गाव पैसा बाळगून होतं, कारीगर होते, आणि ते देत होते.

काय देत होते, हे बघण्यासारखं आहे. कान्हेरीच्याच एका लेखात कल्याणचा नंद नावाचा लोहार येतो. त्याने दिला रस्ता. डोंगरातली एक पाऊलवाट! चेमूलच्या, म्हणजे आपल्या चौलच्या, एका सराफाने पोढी दिली. जुन्नरच्या लेण्यांतही कल्याणच्याच आणखी एका सोनाराची पोढी आहे. कुणी बसायला दगडी बाक दिला. कुणी गावातली शेतजमीन किंवा ठेव लावून दिली, तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रं आणि पायताणं मिळावीत म्हणून. देणाऱ्यांत बायकाही पुष्कळ आहेत. भिक्षुणी आहेत, आणि घरसंसार करणाऱ्याही. 'आईवडिलांच्या आणि सगळ्या कुटुंबासह' असं म्हणून आपलं पुण्य वाटून टाकण्याची पद्धतही दिसते.

ही बौद्धांची लेणी. मग आपण जैनांनी त्यांचं कौतुक का करायचं, असं माझ्या एका मावसबहिणीने विचारलं. तिला मी पाठशाळेतली नऊ पुण्यं आठवायला सांगितली. अन्न, पाणी, वस्त्र, निवारा, अंथरूण, आणि मग मन, वाणी, काया, नमस्कार. स्थानांग सूत्रात ही येतात. त्यात पाणी देण्याला म्हटलंय पाण-पुण्य, आणि निवारा देण्याला लेण-पुण्य. लेण! कान्हेरीच्या लेखांत गुंफेला हाच शब्द आहे, आणि आपण आजही 'लेणी'च म्हणतो. आपल्या आगमांतली यादी आणि त्या सोनारा-लोहारांची दानं शेजारी ठेवली तर कोण कुणाकडून शिकलं ते सांगता येणार नाही. एकाच मातीतली, एकाच भाषेतली माणसं होती ती. (त्याच कान्हेरीत पारशी प्रवाशांनी इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत. भेट देणाऱ्याला 'तू कोणत्या पंथाचा' असं कुणी विचारलं नसावं.)

मी नगरची. लग्न होऊन डोंबिवलीत आले. माहेरी जायचं तर कल्याण-मुरबाड-माळशेज हीच वाट. मुरबाड सोडून थोडं पुढे गेलं की वैशाखरे लागतं आणि डावीउजवीकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. तिथूनच नाणेघाट चढतो. कल्याण बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा.

घाटाच्या माथ्यावर जी मोठी गुंफा आहे, तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याला मोठा मान, आणि तो योग्यच. यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा: गायी हजारांनी, घोडे, हत्ती, गावं, नाणी. वाचताना आकड्यांनीच दमायला होतं. आता तिथेच पाण्याच्या टाक्याही आहेत, आणि एका टाकीच्या लेखात कामवन गावच्या दामघोष नावाच्या गृहस्थाचं नाव आहे. टाकी त्याची देणगी. राणीच्या गायी कुणाच्या गोठ्यात गेल्या ते गेल्या. घाट चढून घामाघूम झालेल्या माणसाला आजही तिथे टाक्यांत पाणी दिसतं.

माझा राणीवर राग नाही. राज्याला मोठी कामं करावीच लागतात. राजघराण्यातल्याच एका माणसाचं उदाहरण मला फार आवडतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा लेख आहे. त्यातही गायी आहेत, गावं आहेत, सोनंही आहे. पण मधेच तो नद्यांची नावं घेतो: पारदा, दमणा, तापी, डहाणुका. या नद्यांवर त्याने फुकट तरी ठेवल्या होत्या आणि दोन्ही काठांवर विश्रांतीच्या जागा आणि 'प्रपा' बांधल्या होत्या. प्रपा म्हणजे पाणपोई. गुजरातीत परब म्हणतात, तो याच शब्दाचा मुलगा. डहाणू अगदी परवापर्यंत, २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत, आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा 'आमच्या जिल्ह्यातली सर्वांत जुनी पाणपोई' म्हणून मी तिच्यावर हक्क सांगते. दोन्ही काठांवर, हे विशेष. जाणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही.

तेव्हापासून हे थांबलेलं नाही. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या भात बाजारात १८७६ साली उघडलेलं केशवजी नायकांचं कारंजं आहे, वर घड्याळ आणि खाली पाणी. ते कच्छी जैन व्यापारी. अशी प्याऊ शहरात बरीच होती. आई-वडिलांच्या नावाने बांधायची रीत होती. सामिदताचा वंश म्हणा ना.

पण हा इतिहास इतका गोड गोड सांगून थांबणं खोटं होईल. पाणी देणारे होते, तसे पाणी अडवणारेही होते, आणि बहुतेक वेळा तीच माणसं होती. पाणपोईवर एकाला पेला हातात द्यायचा आणि दुसऱ्याच्या ओंजळीत लांबून, वरून धार सोडायची, हे या महाराष्ट्रात शतकानुशतकं चाललं. आपण जैन त्यातून वेगळे नव्हतो. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तर गावाने मारहाण केली आणि नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आणि हे महाड कुठलं? आपल्याच कोकणातलं. आसपासचे डोंगर लेण्यांनी आणि पोढ्यांनी भरलेले आहेत. ज्या मुलखात सोनार-लोहारांनी वाटसरूसाठी कातळ फोडला, तिथेच माणसाला तळ्यातलं घोटभर पाणी मिळवायला कोर्टात जावं लागलं.

म्हणून मला वाटतं, पाणी दिलं की झालं असं नसतं. कसं दिलं, कोणत्या पेल्यातून दिलं, तेही दानातच मोजायला हवं.

हे सगळं आत्ता सुचण्याचं कारण आमच्या सोसायटीची एप्रिलमधली बैठक. डोंबिवलीचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. घाम वाळत नाही, आणि पाण्याचा एखादा दिवस बंद असतोच. गेटपाशी दिवसभर माणसं येतात: डिलिव्हरीची मुलं, कुरियरवाले, कचरा नेणाऱ्या ताई, भंगारवाले, गॅसचे सिलेंडर वाहणारे. आम्ही चौघींनी मांडलं की गेटच्या आत सावलीत एक नळाचा माठ ठेवू. खर्च काय, तर माठ आणि तिवई. वाटलं होतं पाच मिनिटांत होईल. तास लागला.

गर्दी होईल, चिखल होईल, डास होतील, हे मुद्दे आले. ते रास्तच होते, त्यांची उत्तरंही निघाली. एका काकांनी सगळा खर्च देऊ केला, फक्त वडिलांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी हवी म्हणाले. त्यावर दोघीजणी हसल्या. मी नाही हसले. नाव कोरलं नसतं तर सामिदत मला भेटला असता का? नावाची हौस जुनी आहे. पाटीपेक्षा माठ मोठा असावा, इतकंच.

खरं अडलं ते पेल्यावर. मागच्या रांगेतून आवाज आला, "वहिनी, माठ ठेवा, पण कचरावाल्यांचा ग्लास वेगळा ठेवा हं. स्वच्छतेसाठी म्हणतोय." दोन-तीन माना हलल्या. खोली गप्प झाली.

आमच्या सासूबाई बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या उठल्या. म्हणाल्या, "स्वच्छतेचंच बोलायचं तर आमच्याकडे बघा. आमच्या घरी उष्टा पेला माठात कुणीच बुडवत नाही. मी नाही, नातू नाही, महासतीजींच्या दर्शनाहून आलेला पाहुणा नाही. उष्ट्या पाण्यात जीव पडतात, मग ते उष्टं कुणाचं का असेना. माझ्या तोंडाला काय सोनं लागलंय?"

आपल्याकडच्यांना हे सांगायला नको. पाणी गाळून घ्यायचं, लांब दांड्याच्या डोयाने काढायचं, पेला उष्टा राहू द्यायचा नाही, हे आपण लहानपणापासून करतो. शेजारच्यांना ते आपलं सोवळं वाटतं. पण त्यात माणसाची जात बघायची जागाच नाही. लाळ ती लाळ. नियम सगळ्यांना सारखा लावला की ती स्वच्छता. तोच नियम एकालाच लावला की ते महाडचं तळं.

वेगळा ग्लास राहिला नाही. सहा सारखे स्टीलचे पेले आले, शेजारी विसळायला बादली, आणि भिंतीवर वॉचमनभाऊंच्या अक्षरात सूचना: पेला प्रत्येकाने विसळून उपडा ठेवावा. ही 'प्रत्येकाने'ची ओळ सेक्रेटरींनाही लागू आहे, आणि ते विसळतात, मी पाहिलंय. काकांची पाटी लागली, छोटी, तिवईच्या कडेला. बादलीतलं पाणी संध्याकाळी कुंड्यांना जातं.

रोज माठ घासून, फडक्याने पाणी गाळून भरायची पाळी ठरलीय. मंगळवार आमच्या घराचा. टाकी खोदून देणं एकदाचं असतं, गाळ मात्र दरसाल काढावा लागतो. कान्हेरीतल्या त्या पोढ्यांचाही कुणीतरी काढत असणार, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

आता प्रश्न पावसाळ्याचा आहे. जूनमध्ये माठ उचलावा असं काहींचं मत. वॉचमनभाऊ म्हणतात, पावसात रेनकोट घालून जिने चढणारी मुलं उन्हाळ्यापेक्षा जास्त पाणी पितात, माठ फक्त मीटरच्या खोलीच्या पत्र्याखाली सरकवा. पुढच्या रविवारी तिथे जागा मोजायला जायचंय.