मारुतीचं ४० वर्षांचं राज्य खरंच गेलं का? 'नंबर वन' गाडी ठरते तरी कशी?

जानेवारी २०२५ मध्ये एक ग्राफिक तुमच्याही टाइमलाइनवर येऊन गेलं असेल. '४० वर्षांत पहिल्यांदाच! मारुतीला मागे टाकून टाटा पंच देशातली सर्वाधिक विकली गेलेली गाडी.' खाली कमेंटमध्ये नेहमीचं युद्ध. एका बाजूला 'लोखंड विरुद्ध पत्रा'वाले, दुसऱ्या बाजूला 'सर्व्हिस सेंटरला जाऊन बघा मग कळेल'वाले.

तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, दुसरं ग्राफिक आलं. त्यात वॅगन आर पहिली होती आणि पंच दुसरी.

मग खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही.

पहिल्या ग्राफिकमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२४ असं कॅलेंडर वर्ष धरलं होतं. त्यात पंचच्या २,०२,०३० गाड्या गेल्या आणि वॅगन आरच्या १,९०,८५५. दुसऱ्यात एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष होतं. त्यात वॅगन आर १,९८,४५१ आणि पंच १,९६,५७२. म्हणजे नऊ महिने दोन्हीकडे तेच, फक्त एक तिमाही बदलली आणि मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. फरक दोन हजारांपेक्षाही कमी. एवढ्यावर कमेंटमध्ये एकमेकांचे बाप काढायची खरंच गरज नव्हती.

आधी आकडा येतो कुठून ते बघू

गाड्यांच्या विक्रीचे दोन वेगवेगळे आकडे असतात आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.

कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला जो आकडा जाहीर करतात तो घाऊक विक्रीचा असतो. कारखान्यातून गाडी ट्रेलरवर चढली आणि डीलरकडे रवाना झाली की कंपनीच्या हिशेबात ती विकली गेली. ती तुमच्या दारात आली की डीलरच्या यार्डात धूळ खात उभी राहिली, याच्याशी या आकड्याला देणंघेणं नाही. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हेच आकडे एकत्र करते.

दुसरा आकडा किरकोळ विक्रीचा. तो डीलरांची संघटना फाडा देते. आरटीओत गाडीची नोंद झाली की ती सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसते, त्यावरून तो काढतात. प्रत्यक्षात किती लोकांनी गाडी घेतली हे यातून जास्त कळतं. मात्र तेलंगणाची नोंद बराच काळ या पोर्टलवर नव्हती, त्यामुळे हाही आकडा शंभर टक्के पूर्ण नव्हता.

या दोन आकड्यांमधली दरी २०२४ मध्ये फारच रुंदावली. कंपन्या गाड्या पाठवत राहिल्या आणि गिऱ्हाईक येईना. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस फाडाने सांगितलं, डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साठा पडून आहे. जवळपास ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये. हा पैसा बहुतेक डीलरांचा स्वतःचा नसतो, बँकेचा असतो, आणि त्यावर रोज व्याज चढतं. त्या वर्षी दिवाळीला शोरूमवाले एवढे गोड का बोलत होते, ते यावरून कळेल. गाडी घेताना 'हिची विक्री वाढलीय' हे ऐकून भुलण्याआधी तिच्या साठ्याची चौकशी केली, तर घासाघीस करायला जास्त वाव मिळतो.

आणखी एक गंमत नावांची आहे. स्कॉर्पिओ एन आणि स्कॉर्पिओ क्लासिक या तशा दोन वेगळ्या गाड्या, पण महिन्याच्या यादीत दोघी मिळून 'स्कॉर्पिओ'. थार आणि थार रॉक्स मिळून 'थार'. पंचच्या आकड्यात पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक असे सगळे प्रकार येतात. त्यामुळे 'टॉप १०' ही यादी थोडीफार नाव काय ठेवलं यावरही अवलंबून असते.

बरं, मग मारुती खाली आली की नाही?

आली. पण मॉडेलच्या यादीत ते नीट दिसत नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी तिच्या मालकाच्या हातात दिली. त्याआधी रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर आणि मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, एवढीच काय ती निवड. पुढची चार दशकं पहिला नंबर मारुतीच्याच घरात फिरत राहिला. आधी ८००, मग अल्टो, नंतर डिझायर, स्विफ्ट, वॅगन आर.

२०१८-१९ या वर्षात देशात सुमारे ३३ लाख ७७ हजार प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या १७ लाख ३० हजार एकट्या मारुतीच्या होत्या. म्हणजे ५१ टक्के. दर दोन नव्या गाड्यांमागे एक.

आता २०२४-२५ बघा. एकूण बाजार ४३ लाखांवर गेला. मारुतीची विक्री १७ लाख ६० हजार. वाटा ४१ टक्क्यांच्या आसपास.

हे दोन आकडे पुन्हा एकदा बघा, कारण सगळी गोष्ट त्यांच्यात आहे. मारुतीच्या गाड्या कमी झाल्या नाहीत, उलट तीसेक हजारांनी वाढल्याच. पण या सहा वर्षांत बाजारात सव्वानऊ लाख गाड्यांची भर पडली, आणि त्या भरीतलं मारुतीला जवळजवळ काहीच मिळालं नाही.

मग ते कुणाला मिळालं? महिंद्रा अडीच लाखांवरून साडेपाच लाखांवर गेली. टाटाचा वाटा २०१९-२० मध्ये जेमतेम ५ टक्के होता, तो २०२४-२५ मध्ये १३ टक्क्यांच्या घरात पोचला. ऑगस्ट २०१९ मध्ये सेल्टॉस घेऊन आलेली किया तर शून्यापासून उभी राहिली, आणि तिने तिच्याच समूहातल्या ह्युंदाईचं गिऱ्हाईकही खाल्लं. टोयोटाही वाढली, पण तिच्या ग्लान्झा, टायसर आणि रुमियन या मुळात मारुतीच्याच बलेनो, फ्रॉन्क्स आणि अर्टिगा आहेत. फक्त लोगो वेगळा. त्यामुळे मारुतीचा वाटा मोजताना हा भागही डोक्यात ठेवायला हवा.

चार मीटरची जादू

सहा वर्षांत लोकांची आवडच बदलली, असं सगळे म्हणतात. पण आवड काही हवेत बदलत नाही. तिला सरकारी फूटपट्टीचाही हात लागलेला असतो.

२००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिनही ठरलेल्या मर्यादेत. हेतू हा की स्वस्त हॅचबॅक बनाव्यात. कंपन्यांनी मात्र फूटपट्टी हातात घेतली आणि कापाकापी सुरू केली. २००८ मध्ये टाटाने इंडिगोची डिकी छाटून इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये मारुतीने डिझायरची शेपटी कापली. त्या डिझायरची डिकी मला अजूनही नंतर चिकटवल्यासारखी वाटते, असो.

२०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्टने एक पाऊल पुढे टाकलं. एसयूव्हीसारखी उंच, पण चार मीटरच्या आत. कर हॅचबॅकचा, रुबाब जीपचा. मग २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला व्हेन्यू, २०२० ला सोनेट आणि मॅग्नाइट. ऑक्टोबर २०२१ ला पंच आली. लांबी जेमतेम ३.८ मीटर, म्हणजे आकाराने हॅचबॅकच, पण जमिनीपासून १८७ मिलिमीटर उंच. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या रस्त्यांवरून ज्याने गाडी चालवलीय, त्याला या १८७ चं मोल वेगळं सांगायला नको.

ज्या फोर्डने ही वाट दाखवली तिने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पंच बाजारात आली त्याच्या महिनाभर आधी.

आता सियामचे आकडे या नजरेने बघा. २०१८-१९ मध्ये 'पॅसेंजर कार' या गटातल्या, म्हणजे हॅचबॅक आणि सेडान मिळून, २२ लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. 'युटिलिटी व्हेइकल' गटातल्या ९ लाख ४१ हजार. २०२४-२५ मध्ये हॅचबॅक-सेडान साडेतेरा लाखांवर घसरल्या आणि युटिलिटी व्हेइकल २८ लाखांवर गेल्या, म्हणजे एकूण बाजाराच्या ६५ टक्के. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'देशात ६५ टक्के एसयूव्ही' असं लिहिलेलं सापडतं, पण या गटात अर्टिगा आणि इनोव्हासारख्या सात सीटरही मोजतात.

मारुती या वळणावर थोडी उशिरा वळली. ब्रेझा जोरात होती, पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि कंपनीने डिझेल इंजिनच सोडलं. महिंद्राने उलट केलं. लहान गाड्यांचा नाद सोडून फक्त एसयूव्ही धरल्या. २०२० ची थार, २०२१ ची एक्सयूव्ही ७००, २०२२ ची स्कॉर्पिओ एन. स्कॉर्पिओ एनचं बुकिंग उघडलं तेव्हा अर्ध्या तासात एक लाखाचा आकडा पार झाला. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आणि फ्रॉन्क्स २०२३ मध्ये आली, तोवर इतरांनी जागा धरली होती.

सुरक्षिततेचा मुद्दा यात किती, यावर लोक भांडतात. माझ्या मते थेट विक्रीपेक्षा बोलण्यात तो जास्त आला, पण आला हे खरं. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. मारुतीच्या गाडीला पाच स्टार मिळायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, तेही नव्या डिझायरच्या रूपाने. मधली सहा वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या गाडीची जाहिरात फुकटात होत होती, ते आपण पाहिलंच आहे.

दुसऱ्या नंबरची खुर्ची

मारुती अजूनही पहिली आहे आणि अंतर मोठं आहे. खरी मारामारी तिच्या खाली चालू आहे. वर्षानुवर्षं दुसरा नंबर ह्युंदाईचा, हे ठरलेलं होतं. २०२४-२५ मध्ये ह्युंदाई सहा लाखांच्या जरा खाली, तर टाटा आणि महिंद्रा दोघीही साडेपाच लाखांच्या आसपास अगदी खेटून. एप्रिल २०२५ मध्ये महिंद्रा ५२ हजारांवर गेली आणि ह्युंदाई थेट चौथी. सप्टेंबर २०२५ मध्ये टाटा दुसरी.

या मारामारीचा बराचसा भाग पुण्याच्या आसपास घडतो. नेक्सॉन रांजणगावला बनते, महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला, थार नाशिकला. तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने विकत घेऊन २०२५ मध्ये पुन्हा सुरू केला.

मग दुचाकीवाल्याचं काय?

या सगळ्यात एक माणूस यादीतून गळाला. ज्याच्यासाठी ८०० आणि अल्टो होत्या, तो. दुचाकीवर बायको, दोन पोरं आणि डिकीत डबा घेऊन फिरणारा.

२०१५-१६ मध्ये पाच लाखांच्या आतल्या गाड्या वर्षाला ९ लाखांहून जास्त विकल्या जात होत्या. २०२४-२५ मध्ये तो आकडा २५ हजारांच्या आसपास आला. एवढी घसरण दुसऱ्या कुठल्याच गटात नाही. एबीएस, एअरबॅग, बीएस-६ हे सगळं गरजेचं होतं, पण त्याचा खर्च वीस लाखांच्या गाडीत लपतो आणि चार लाखांच्या गाडीत टोचतो. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव हेच कित्येकदा बोलले आहेत. अर्थात लहान गाड्या त्यांच्याच कंपनीच्या जास्त विकल्या जातात, हे ध्यानात ठेवून ते ऐकायचं.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, नवा जीएसटी लागू झाला. त्याची घोषणा आधीच झाल्यामुळे आणि मध्ये पितृपक्ष आल्यामुळे तोवर शोरूम ओस पडले होते. लहान पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, तो आता सरळ १८ टक्के झाला. मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून ५० टक्के होते, ते ४० झाले. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के होते ते तसेच राहिले, म्हणजे त्यांचा करातला फायदा तेवढा आटला.

टक्के सोडा, रुपयांत बघू. पाच लाखांची लहान गाडी या हिशेबाने साधारण ४२-४३ हजारांनी स्वस्त होते. वीस लाखांची मोठी एसयूव्ही तब्बल १ लाख ३३ हजारांनी. मारुतीने किमती आणखी खाली ओढल्या. अल्टो के १० ची सुरुवात ३ लाख ७० हजारांच्या आसपास आली, एस-प्रेसोची साडेतीन लाखांवर. ही एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे अल्टोवर आणखी ४० हजार, आणि विमा वेगळा.

दसरा-दिवाळी जोरात गेली. फाडाच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ मध्ये साडेपाच लाखांहून जास्त गाड्या गिऱ्हाइकांच्या दारात गेल्या, हा विक्रम होता. आणि त्या सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरमध्येही मॉडेलच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं टाटा नेक्सॉनचं. लांबी चार मीटरला अगदी काठोकाठ.